हँडबिलावरची सही

प्रिय खिल्लारे साहेब,

तुम्ही बुधवारी दुपारी गेलात. सुजाताचा फोन आला तेव्हा मी परभणीत घरी जेवत होतो. ती एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले," आणि फोन ठेवला. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेल्या माणसाची खोड अशी की दुसऱ्याकडून खात्री झाल्याशिवाय तो बातमी खरी मानत नाही. म्हणून हिंगोलीला रहीमभाईंना फोन लावला. मला ते अजून मुनशीच म्हणतात. ते म्हणाले, "हौ मुनशी. मैं वहींच बैठा हूँ, साहब के पास." मग ताट बाजूला सारलं.

काल तुम्हाला पोचवून आलो. आज शुक्रवार. रहीमभाईंच्या घरी उतरलो आहे आणि त्यांच्या ओट्यावर बसून तुम्हाला लिहून राहिलो आहे. माणूस गेल्यावर पत्र कसलं, असं तुम्ही म्हणाल. पण अडलंय म्हणून लिहितोय. रविवारी विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. तिथं तुमचा जीवनपट वाचायचा आहे, आणि तो लिहायचं काम सुजाताने माझ्यावर सोपवलंय. जन्म, शाळा, नोकरी, बदल्या, सगळं तिने एका कागदावर टिपून दिलं. फक्त एका जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.

"काका, आमचं नागपूरला जायचं ठरलं होतं ना? मी सात वर्षांची असेन. आईनं ट्रंक भरली होती. मग एक दिवस तिनं ती उघडली आणि सगळं परत फळीवर लावलं. त्यानंतर तीन वर्षं आम्ही इथंच. बाबांना विचारलं की म्हणायचे, माझ्याकडून एक चूक झाली होती. कसली चूक? तुम्ही तर तेव्हा त्यांच्यासोबत होतात."

होतो. तिला म्हणालो, शनिवारी सकाळी कागद देतो, त्यात सगळं असेल.

साहेब, तुम्ही तिला खरं का नाही सांगितलंत? पन्नास वर्षं तुमच्याच पोरीपुढं चूक स्वतःच्या नावावर ठेवलीत. हे काही बराबर केलं नाहीत.

*

तुम्ही मला ठेवून घेतलंत तो दिवस आठवतो. दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. हिंगोलीतल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामामागं कंपनीनं तुम्हाला एक खोली दिली होती. चहूकडं निळ्या धुण्याच्या पावडरीचे खोके, मधे एक टेबल, टेबलामागं तुम्ही. मी वसमतचा, मराठी घेऊन बी.ए. झालेला, तेवीस वर्षांचा. तुम्ही विचारलंत, "बाजारात उभं राहून ओरडता येतं का?"

"नाही."

"गाडी चालवता येते?"

"नाही."

"मग लिहा," म्हणालात. झाली मुलाखत.

कंपनीच्या प्रचारगाडीचे तुम्ही प्रमुख होतात. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, हा सगळा मुलूख आपला. तेव्हा तो परभणी जिल्ह्यातच होता. गाडीत चौघं. तुम्ही, ड्रायव्हर रहीमभाई, मी, आणि बाजारात कपडे धुऊन दाखवायला सोनाबाई राठोड.

सोनाबाईला तुम्ही कुठून आणलंत ते मला रहीमभाईंनी सांगितलं. मुंबईच्या ऑफिसनं कळवलं होतं की धुऊन दाखवायला शिकलेली, नीटनेटकी बाई ठेवा. तशी एक बाई परभणीहून आलीही, आणि पहिल्याच बाजारातनं दुपारच्या बसनं परत गेली. तुम्हाला आठवली ती जवळा बाजाराकडल्या तांड्यातली बाई. दुष्काळी कामावर, खडी फोडायच्या जागेवर, तीस बायांची टोळी ती नुसत्या आवाजावर हलवत होती. तुम्ही तांड्यावर जाऊन तिला विचारलंत आणि ऑफिसला लिहिलंत, "उमेदवार अनुभवी असून दोन भाषा उत्तम बोलतात." यात खोटं काय होतं? काहीच नाही.

आणि तुमचा तो नियम. कुठलाही मजकूर, भोंग्यावरचा असो की हँडबिलावरचा, बाहेर पडायच्या आधी गाडीच्या सावलीत चौघांना वाचून दाखवायचा. मग एकेकानं बोलायचं. आधी सोनाबाई, मग रहीमभाई, मग मी, सगळ्यात शेवटी तुम्ही.

मी एकदा विचारलं, "साहेब, तुम्ही आधी का नाही बोलत? वेळ वाचेल."

"म्या आधी बोललो की तुमी तिघं माना हलवता," म्हणालात. "माना हलवायला बैलं काय कमी हायेत?"

*

हट्ट्याचा तो बाजार आठवतो का? एका म्हाताऱ्यानं हळद लागलेलं धोतर दिलं होतं. सोनाबाईनं पावडरीच्या पाण्यात बुडवलं, चोळलं, आणि पिवळा डाग लालभडक झाला. गर्दी एक पाऊल मागं सरली. मागून कुणीतरी म्हणालं, "धोतरातनं रगत निघालं बे." मी भोंग्याचा माईक हातात घेऊन नुसता उभा. तुम्ही पुढं होऊन म्हाताऱ्याला म्हणालात, "बाबा, हळदीला सोडा लागला की ती लाजते. उन्हात टाका, घटकाभर बसा, मग मला शिव्या द्या."

दोन वेळा साध्या पाण्यातनं काढून धोतर झुडपावर टाकलं. तुम्ही म्हाताऱ्यासोबत जमिनीवर बसलात. तासाभरात डाग फिका पडला, बाजार उठेपर्यंत दिसेनासा झाला. तोवर निम्मा गाव तिथंच थांबला होता. त्या दिवशी गाडी रिकामी होऊन परतली.

वाटेत मी विचारलं, हे तुम्हाला कसं ठाऊक? "आमच्या मायनं लोकांच्या लग्नातले हळदीचे कपडे धुतलेत आयुष्यभर," म्हणालात, आणि खिडकीबाहेर पाहू लागलात.

आणि आखाडा बाळापूरचं ते हॉटेल. तिथल्या पोऱ्यानं आम्हा तिघांना कपबशा दिल्या आणि तुमच्यापुढं कान तुटलेला, वेगळा ठेवलेला कप. नाव विचारून घेतलं होतं त्यानं आधीच. मी मान खाली घातली. तुम्ही काही बोलायच्या आत रहीमभाईंनी आपली कपबशी परत ढकलली. "हमकू भी वैसाच कप होना. उस में चाय ज्यादा आती." सोनाबाई लगेच म्हणाली, "मला बी." मग मलाही म्हणावं लागलं. हॉटेलवाल्याकडं तसे चार कप नव्हते. तो गोंधळला, आत गेला, आणि चार साध्या कपबशा घेऊन आला. तुम्ही चहा संपवलात आणि रहीमभाईंना म्हणालात, "ज्यादा कुठं आली? तेवढीच हाये की."

त्या दिवशी मी तिसरा बोललो होतो. तुम्ही ते कधी काढलं नाहीत. मी मात्र विसरलेलो नाही.

*

आता मूळ गोष्ट.

लग्नसराई तोंडावर आली होती. विभागाच्या मोठ्या साहेबांनी कळवलं की तांड्यांत आणि वाड्यांत वाटायला खास हँडबिल काढा. तुमची नागपूरची बढती तेव्हा जवळजवळ ठरली होती. वहिनींचं माहेर नागपूरचं. तिकडं सुजाताला चांगल्या शाळेत घालायचं, हे त्या मला दोनदा बोलल्या होत्या.

मजकूर मी एका बैठकीत लिहिला. मला तो फार आवडला होता. "कुठलंही कापड, कुठलाही रंग, निर्धास्त धुवा." कानाला किती गोड लागतं ना? छापखान्याला संध्याकाळच्या आत मजकूर हवा होता. सोनाबाई आणि रहीमभाई गोदामात खोके लावत होते, वीस पावलांवर. मी गेलो नाही.

का गेलो नाही, हे मी आजवर स्वतःशीसुद्धा धड बोललेलो नाही. वेळ नव्हता, असं म्हणत आलो. वेळ होता. मला त्या वाचनाची लाज वाटायची, साहेब. बी.ए. झालेल्या माणसानं आपलं वाक्य अक्षरओळख नसलेल्या बाईपुढं वाचायचं, आणि तिनं म्हणायचं, "भाऊ, हे काय कळून न्हाई राहिलं." दर वेळी ती काहीतरी काढायची. दर वेळी तिचं बरोबर असायचं. या वाक्याला तिनं हात लावू नये असं मला वाटत होतं.

तुम्ही परभणीला निघाला होतात. मी स्टँडवर गाठलं. तुम्ही बसच्या पायरीवर एक पाय ठेवून कागद घेतलात, पेन काढलंत.

"सगळ्यांना वाचून दाखवलंस ना?"

"हो."

तुम्ही सही केलीत. वाचलंही नाहीत. कंडक्टरनं घंटी दिली आणि बस गेली.

साहेब, तुम्ही तेव्हा वाचायला हवं होतं. एवढा भरवसा माणसानं ठेवू नये. पण हे म्हणण्याचा हक्क मला नाही, तेही कळतं.

*

दहा-बारा दिवसांनी जवळा बाजारला सोनाबाई गाडीवर आली नाही. आपण वाट पाहिली. ती आली ती बाजार भरून गेल्यावर, आणि कामाला नाही, तुमच्याशी बोलायला. तुमच्यापुढं उभी राहून म्हणाली, "सायेब, त्यो कागद आमाला कुणी वाचून दाखवला न्हाई."

तुम्ही हातातला खोका खाली ठेवलात.

"दाखवला असता तर मी सांगितलं असतं. आमच्या फेटियाचा लाल रंग सोड्यापुढं टिकत न्हाई. तांड्यातली पोरगी बी सांगल." मग तिचा आवाज खाली आला. "धनीबाईनं भिजवला. माझी चुलत सासू लागती ती. मी नव्हते तवा तांड्यावर मास्तरनं तुमचा कागद मोठ्यांदा वाचला. बायांनी इचारलं, खरं का गं सोने? मला काय ठावं त्यात काय लिव्हलंय. मी म्हणलं, आमच्या सायबाचा कागद हाये, खराच असंल."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी भोंग्याची वायर गुंडाळायला लागलो. ती आधीच गुंडाळलेली होती.

तुम्ही एवढंच म्हणालात, "रहीमभाई, गाडी काढा. तांड्यावर जायचं."

धनीबाईच्या दारात तो फेटिया दोरीवर टाकलेला होता. घागराच तो, पण घेर केवढा. आरसे, कवड्या, पांढऱ्या दोऱ्याची बारीक वेलबुट्टी. धनीबाईला तो तिच्या आईनं दिलेला, आणि तिनं लेकीला तिच्या लग्नात द्यायचा. पेटीत राहून मळकटला होता म्हणून उजळायला काढला होता. लाल रंग उतरून सगळ्या पांढऱ्या कामात शिरला होता. लग्नाला तीन आठवडे उरले होते.

तुम्ही माफी मागून परत फिराल असं मला वाटलं. तुम्ही जमिनीवर बसलात आणि मला म्हणालात, "मुकुंदा, काढ त्यो कागद. वाच."

तिथं, त्या बायांच्या घोळक्यात, दोरीवरच्या त्या कापडासमोर मी ते हँडबिल वाचलं. एकेक ओळ सोनाबाई त्यांच्या बोलीत सांगत होती. "कुठलंही कापड, कुठलाही रंग" इथं आलो तेव्हा एका म्हातारीनं हात वर केला.

"ज्यानं हे लिव्हलं, त्यानं कधी धुणं धुतलंय का?"

मी कागदावरची पुढची ओळ शोधू लागलो. तुम्ही म्हणालात, "न्हाई धुतलं, आजी. आता धुईन."

बाया हसल्या. धनीबाई हसली नाही. पण तिनं तुम्हाला पाणी दिलं. सोनाबाई तेवढी माझ्याकडं बघत होती. तिला ठाऊक होतं ते कुणी लिहिलंय. रहीमभाईंना ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक होतं. त्या घोळक्यात मला एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

*

दुसरी संधी आठवड्यानं आली. कुणीतरी वर तक्रार केली होती आणि मोठे साहेब हिंगोलीच्या विश्रामगृहावर येऊन थांबले होते. मी व्हरांड्यात फाइल घेऊन बसलो होतो. दार उघडंच होतं.

"ये किसने लिखा?"

"दस्तखत मेरा है, सर."

"मैंने दस्तखत नहीं पूछा, खिल्लारे."

"जवाब वही है, सर."

मोठ्या साहेबांनी हँडबिल टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "तुम्हारा नागपूर का काग़ज़ मेरे बॅग में है. समझ रहे हो?"

"समझ रहा हूँ."

मला उठून आत जायला चार पावलं पुरली असती. माझी नोकरी कच्ची होती, घरी धाकट्या दोन बहिणी होत्या, हे सगळं खरं आहे. पण चार पावलं ती चारच पावलं.

तुम्ही बाहेर आलात. मी उभा राहिलो. वाटलं, आता तरी रागवाल. तुम्ही म्हणालात, "उद्या आखाडा बाळापूरचा बाजार. सातला निघू. आणि इथनं पुढं वाचून दाखवत जा."

एवढंच? साहेब, तुम्ही मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. गाडीतनं उतरवायला हवं होतं. तुम्ही काहीच केलं नाहीत, म्हणून मलाही काही करावं लागलं नाही. तुमच्या या चांगुलपणावर माझा जुना राग आहे.

*

दुसऱ्या दिवशी बाजारात तुम्ही बाह्या वर करून घमेल्यापुढं बसलात. सोनाबाईच्या हातात माईक दिलात. बाजारात पुरुष माणूस कपडे धुतोय आणि बाई बोलतेय, हे पाहायलाच लोक जमले.

"सायेब, घरी बी धुता का?" एकानं विचारलं.

"आजपासून. कालपर्यंत घरातली धूत होती, म्हणून तर चुकलो."

सोनाबाईला तुम्ही एकच गोष्ट सांगितली होती. पावडर कशाला चालते ते नंतर. आधी काय धुवायचं नाही ते सांग. ती सांगायची, "बायांनो, फेटिया न्हाई. लाल लुगडं न्हाई. रेशमी न्हाई. हळद असंल तर आधी उन्हाची सोय बघा." मी हबकलो होतो. माल विकायला आलो आणि पहिली दहा मिनिटं नकार? पण लोक पुढं सरकले. जो आधी नाही म्हणतो त्याच्या होकाराला वजन येतं, हे मी तिथं शिकलो. पुढं संपादक झालो तेव्हाही तेच कामी आलं.

तिसऱ्या दिवसापासून घमेल्यापुढं मला बसवलंत. माझ्या हातांची सालं निघाली. त्याबद्दल मात्र तक्रार नाही.

धनीबाईच्या फेटियाचं काय झालं, तेही लिहून ठेवतो. बाजार नसेल त्या दिवशी सोनाबाईला तुम्ही कामावरून मोकळं सोडत होतात. ती आणि तांड्यातल्या सहा-सात बाया मिळून डागाळलेली पट्टी न् पट्टी उसवून नवी शिवत बसल्या. लग्न त्याच फेटियात झालं. एका पट्टीवर तेवढी गुलाबी झाक राहिली. सोनाबाईला तांड्यानं माफ केलं, पण त्याला वर्ष लागलं. एका वर्षात तिला तांड्यातल्या किती लग्नांत मागं बसावं लागलं, ते मी कधी विचारलं नाही.

नागपूरचा कागद दुसऱ्याच्या नावे निघाला. वहिनींनी ट्रंक उघडली.

*

मी दोन वर्षांनी वर्तमानपत्रात गेलो. तुम्ही तीन वर्षांनी सुटलात आणि मग थांबला नाहीत. नागपूर, कलकत्ता, मद्रास, शेवटी मुंबईचं मुख्य ऑफिस, देशभरच्या ग्रामीण विक्रीचे प्रमुख. प्रत्येक ठिकाणाहून तुमचा फोन. "मुकुंदा, काय छापून राहिलास?" मग तुमच्या नव्या माणसांच्या गोष्टी. कलकत्त्याचा तो मुलगा ज्याला मासळीबाजारात बोलायची लाज वाटायची. मद्रासच्या त्या बाई, ज्या तुम्हाला तोंडावर म्हणाल्या की तुमचं हिंदी कुणालाच कळत नाही. "म्या म्हणलो, मग तुमी बोला. त्या दिवसापास्नं त्याच बोलतात, म्या धुतो." तुमच्या बैठकीत सगळ्यात नवा माणूस आधी बोलतो आणि साहेब शेवटी, हे मुंबईच्या ऑफिसात लोकांना फार विचित्र वाटायचं म्हणे. त्यांना कुठं ठाऊक की ही पद्धत गाडीच्या सावलीत बसून ठरली होती.

तुमच्या निवृत्तीच्या समारंभाला मला बोलावलंत. चार शब्द बोला म्हणालात. माझ्यापुढं दहा भाषांची माणसं बसली होती, पुढच्या रांगेत वहिनी आणि सुजाता. मी फेटियाची गोष्ट काढली. सांगायचीच म्हणून गेलो होतो. त्या वाक्यापाशी आलो आणि म्हणालो, "छापखान्यानं काहीतरी घोळ घातला." लोक हसले. तुम्हीही हसलात, आणि नंतर जेवताना माझ्या ताटात एक जिलबी जास्त वाढलीत.

ती जिलबी मला गिळवत नव्हती. तुम्हाला कळलं होतं का? कळलंच असणार.

म्हणजे पाहा, आधी तुमच्या माथी, मग त्या बिचाऱ्या छापखानेवाल्याच्या. वर्तमानपत्रात मी लोकांच्या चुका रोज शोधायचो, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायचो. ही एक दुरुस्ती राहिली.

*

काल अंत्यविधीला सोनाबाई आली होती. आता काठी धरते, पण आवाज तोच. तुम्हाला फुलं वाहिली, सुजाताला पोटाशी धरलं, आणि गर्दी पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"भाऊ, तूच लिव्हून राहिला म्हणं सायबाचं."

"हो."

"पोरगी नागपूरचं इचारून राहिली होती मला बी."

"काय सांगितलंस?"

"म्या काहून सांगू? म्या काय लिव्हलं होतं का ते?" काठी टेकून ती उठली. "सायेब होते तवर मी बोलले न्हाई. त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, मुकुंदाचं नाव घेऊ नको, त्याच्या बहिणी उजवायच्या हायेत. तुझ्या बहिणी आता नातवंडं खेळवून राहिल्या रे."

हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं, साहेब. माझ्या बहिणींचा विचार तुम्ही केला होता. तुमच्या सात वर्षांच्या पोरीची शाळा तुम्ही त्यांच्यासाठी सोडलीत? हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मला पुढं झेपलं नसतं, म्हणून नाही सांगितलंत. असंच ना?

दुपारी जीवनपट लिहून काढला. चार पानं झाली. तिसऱ्या पानावर लिहिलंय की त्या लग्नसराईत कंपनीच्या हँडबिलावर जे चुकीचं वाक्य गेलं ते मुकुंद देशमुखने लिहिलं होतं, ते कुणालाही वाचून न दाखवता वाचून दाखवलं असं तो खिल्लारे साहेबांशी खोटं बोलला, साहेबांनी दोष स्वतःवर घेतला आणि त्यापायी त्यांच्या घरानं तीन वर्षं गमावली. सोनाबाई राठोड यांना तांड्यात खाली मान घालावी लागली. छापखान्याची काही चूक नव्हती. कुठं "बहुधा" नाही, "अनवधानाने" नाही. रहीमभाईंनी चष्मा लावून कागदाकडं नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "मुनशी, इसमें तुम्हारा नाम कितनी बार आया?" सहा वेळा, म्हणालो. "बस हुआ," म्हणाले.

तुम्हाला एवढं वचन देतो. या पानातला एक शब्दही मी उद्या सौम्य करणार नाही, सुजाताचा चेहरा पाहूनही नाही.

ती सकाळी नऊला इथं येणार आहे. कागद आधी तिच्या हातात देईन आणि ती वाचेपर्यंत समोर बसून राहीन. ती काय म्हणेल, मला माहीत नाही. तीन वर्षं तिचीही होती. त्यांच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क तिचा. "काका, रविवारी तुम्ही वाचू नका," असं ती म्हणाली तर कागद तिच्याकडं सोडेन आणि विहारात सगळ्यात मागं बसून ऐकेन. वाच म्हणाली तर उभा राहून वाचेन. रविवारी दहाला कार्यक्रम आहे. सोनाबाईला तांड्यावरून आणायला रहीमभाई गाडी पाठवणार आहेत.

तुमच्याच गाडीतला,
मुकुंद